वर्धा खोऱ्यात कोळसा किती, आणि त्यातला निघणार किती?

भद्रावती तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा. घरी अकरा एकर वावर, कपाशी आणि तूर. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वावरात बोअरची मशीन आली, तीन आठवडे रात्रंदिवस चालली आणि काळ्या कांड्या पेट्यांत भरून घेऊन गेली. मशीनवरच्या माणसाने जाताना सांगितलं की २१० मीटरवर कोळसा लागला, चौदा मीटर जाडीचा. तेव्हापासून गावात खाण येणार अशी हवा आहे आणि जमिनीचे दलाल चकरा मारू लागलेत. या तरुणाने सरकारी आकडे शोधून गणितही मांडलंय. महाराष्ट्रात सुमारे १,३०० कोटी टन कोळसा, वर्षाला निघतो सात कोटी टनांच्या आसपास, म्हणजे १८५ वर्षांची बेगमी. हे बरोबर आहे का, आणि आपल्या गावाखालचा कोळसा कधी निघेल, असं त्याने विचारलंय.

मी तीस वर्षांहून जास्त काळ याच खोऱ्यात कोळसा शोधायचं आणि मोजायचं काम केलं. उत्तराचा शेवट आधीच सांगून टाकतो. १८५ हा आकडा मनातून काढा. तुमच्या गावाखाली कोळसा आहे हे खरं. तो तुमच्या हयातीत निघेलच असं मात्र नाही. हे असं का, ते समजून घेतल्याशिवाय दलालाच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

आधी त्या १,३०० कोटींचं बघू. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण दर वर्षी १ एप्रिलच्या तारखेने देशभरच्या कोळशाची यादी काढतं. २०२३ च्या यादीत देशाची बेरीज सुमारे ३७८ अब्ज टन होती, त्यात महाराष्ट्राचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर. या यादीत ०.९ मीटर आणि त्याहून जाड असलेले थर धरतात, आणि धरतात ते थेट १,२०० मीटर खोलीपर्यंत. ही बेरीज जमिनीच्या पोटात मुळात किती कोळसा होता याची. आजवर उपसून जाळलेला कोळसा तिच्यातून वजा केलेला नसतो. वरती गाव आहे, नदी आहे की जंगल, हेही ती बघत नाही. खर्च परवडतो का, हा प्रश्न तर तिच्या गावीही नसतो. आम्ही तिला संसाधन म्हणतो. खाणवाला ज्याला साठा म्हणतो, म्हणजे आजच्या पद्धतीने, आजच्या भावात, आजच्या कायद्यात काढता येईल असा कोळसा, तो आकडा वेगळा आणि पुष्कळ लहान.

तुमच्या भागाकाराचा खालचा आकडाही जरा सुधारून घ्या. २०२३-२४ मध्ये वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने, सुमारे ६.९ कोटी टन कोळसा काढला, पण त्यात मध्य प्रदेशातल्या पेंच, कान्हान, पाथाखेडा इथल्या खाणीही येतात. आणि महाराष्ट्राच्या १,३०० कोटींत एकटं वर्धा खोरं नाही. नागपूरजवळची कामठी, उमरेड ही क्षेत्रं आहेत आणि ताडोबाच्या उत्तरेचं बंदर नावाचं क्षेत्रही आहे.

त्या बेरजेचे तीन भाग असतात: सिद्ध, निर्देशित आणि अनुमानित. बोअर साधारण चारशे मीटरच्या अंतरात असतील तर मधला कोळसा सिद्ध. एक-दोन किलोमीटरच्या अंतराने असतील तर निर्देशित. त्यापलीकडे, इकडे आहे आणि तिकडे आहे म्हणजे मधेही असणार, असा तर्क, तो अनुमानित. महाराष्ट्राचा निम्म्याहून जास्त कोळसा सिद्ध आहे, ही चांगली गोष्ट. पण ‘सिद्ध’ म्हणजे कोळसा तिथे आहे एवढंच सिद्ध. तो निघेल हे त्यातून सिद्ध होत नाही. या एका शब्दाने गावागावांत किती गैरसमज झालेत, ते मी स्वतः ग्रामसभांत बसून ऐकलंय.

आता थर कसा बसलाय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आपल्या पायाखाली सगळ्यांत तळाला जुनी चुनखडी, जिच्यावर चंद्रपूरचे सिमेंट कारखाने चालतात तीच. तिच्यावर तालचीर नावाचे थर, हिमयुगातल्या गोट्यांचे आणि गाळाचे. इरई गावाजवळ पैनगंगेच्या पात्रात चुनखडीवर हिमनदीने घासून काढलेले ओरखडे १८७० च्या दशकातच नोंदले गेलेत. मी ते पहिल्यांदा बघितले तेव्हा मे महिना होता, दगडाला हात लावला की चटका बसत होता, आणि याच दगडावरून एके काळी बर्फ सरकला हे मनाला पटायला वेळ लागला. बर्फ वितळल्यावर, सुमारे २८-२९ कोटी वर्षांपूर्वी, दलदलींत जंगलं गाडली गेली आणि बाराकार थरांत कोळसा तयार झाला. त्यावर कामठी, म्हणजे तांबूस-पिवळसर वालुकाश्म. पश्चिमेला, यवतमाळच्या बाजूला, या सगळ्यावर काळ्या बेसॉल्टची पांघरुणं, आणि नदीकाठाने गाळ आणि काळी माती.

झारखंडात एकाखाली एक पंधरा-वीस थर सापडतात. आपल्याकडे मुख्य थर एकच, पण जाडजूड. बारा-पंधरा मीटर, कुठे वीस मीटरच्याही पुढे. काही ठिकाणी तो फाटतो आणि वरचा, मधला, खालचा असे तीन होतात. उतार मंद, बहुतेक ठिकाणी चार ते आठ अंश. खोऱ्याचा मधला भाग कमानीसारखा वर उचललेला आणि झिजून गेलेला, म्हणून ढोबळमानाने एक पट्टा वणी-घुग्गुस-राजुरा बाजूला आणि दुसरा भद्रावती-चंद्रपूर-बल्लारपूर बाजूला. दोन्ही पट्टे कमानीपासून दूर जाताना खोल होत जातात, आणि फॉल्टांनी, म्हणजे खडक तुटून वर-खाली सरकलेल्या भेगांनी, त्यांचे तुकडे पाडलेत.

एकच थर असल्याचा फायदा इंग्रजांच्या काळापासून घेतला गेला. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. ती बंद पडत आली तशी बल्लारपूर सुरू झाली. मग राजूर, घुग्गुस, माजरी, लालपेठ, महाकाली. १९७३ चं राष्ट्रीयीकरण आणि १९७५ ची वेकोलिची स्थापना यानंतर मोठमोठ्या खुल्या खाणी आल्या. तोट्याची बाजू ही की सगळ्यांचा डोळा त्या एकाच थरावर होता. जिथे तो मातीखाली तीस-चाळीस मीटरवर होता ती जागा प्रत्येक पिढीने आधी गाठली. दीडशे वर्षं सगळ्यांनी वरची साय खाल्ली, आता राहिलंय ते खालचं दूध, आणि ते उकळून घ्यायला इंधन जास्त लागतं.

मोजतात कसं, हे जवळून सांगण्यासारखं आहे, कारण तुमच्या गावातली अर्धी चर्चा मशीनवाल्याच्या एका वाक्यावर उभी आहे.

वणीच्या अलीकडे एका कपाशीच्या वावरात आम्ही बोअर घेत होतो. जानेवारीतली रात्र, जनरेटरवर एक बल्ब, शेकोटीला हेल्पर पोरं. तीन मीटरची खेप पूर्ण झाली, रॉड वर काढले, बॅरल आडवी ठेवून हातोडीने ठोकली आणि कोळशाची कांडी पेटीत सरकली. चकचकीत, ओली, चिरा पडलेली. टेप लावला तर एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. बिट, म्हणजे दगड कापणारं टोक, तर तीन मीटर खाली गेलं होतं. बाकीचा एक मीटर वीस गेला कुठे? ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, पूर्ण कोळसाच होता, पाण्यात गेला.’ त्याचं म्हणणं खरं असू शकतं. चकाकणारा, चांगला कोळसा ठिसूळ असतो, बिटाखाली भुगा होतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. पण हरवलेला तुकडा मऊ शेलचाही, म्हणजे चिखलापासून बनलेल्या दगडाचाही, असू शकतो. पहिल्या बाबतीत आपण थराला आहे त्यापेक्षा हलका समजतो, दुसऱ्या बाबतीत आहे त्यापेक्षा चांगला.

त्या रात्री आम्ही तो बोअर तळापर्यंत पूर्ण केला आणि भूभौतिक लॉगिंगची गाडी बोलावली. तारेला बांधलेलं यंत्र तळापर्यंत सोडून हळूहळू वर ओढतात. कोळसा आला की घनता एकदम पडते, गॅमाची, म्हणजे दगडातल्या नैसर्गिक किरणोत्साराची, रेघ डावीकडे सरकते, विद्युत रोध वाढतो; शेल आला की गॅमा उसळी घेतो. सकाळी कागदावर रेघ बघितली तर हरवलेल्या एक मीटर वीसमधला ऐंशी सेंटिमीटर भाग शेलचा निघाला. म्हणून कोळशात नव्वद टक्क्यांच्या वर कांडी मिळालीच पाहिजे असा आमचा आग्रह असतो आणि लॉगिंगशिवाय आम्ही जाडी लिहीत नाही. तुमच्या चौदा मीटरमध्ये निव्वळ कोळसा किती आणि दगडाचे पट्टे किती, हे त्या माणसाला माहीत असण्याचं कारणच नाही. त्याने बिट काळ्यात शिरल्यापासून काळ्यातून बाहेर पडेपर्यंतचं अंतर सांगितलंय.

पुढे कांडीचे हातभर, वीतभर पट्टे वेगळे करून प्रयोगशाळेत राख, ओलावा आणि उष्मांक काढतात. कुठला दगडी पट्टा थरात धरायचा आणि कुठला वगळायचा, यावर टनही बदलतात आणि प्रतही. २०१२ पासून प्रत उष्मांकावर ठरते, जी-१ ते जी-१७. जी-१० म्हणजे किलोला ४,३०० ते ४,६०० किलोकॅलरी. वर्धा खोऱ्यातला कोळसा बराचसा या पायरीच्या आसपासचा. वीज केंद्राला चालतो, पोलादाला नाही. ओलावा जास्त आणि हवेत उघडा राहिला की आपोआप तापून पेट घेण्याची खोड आहे.

आता एका कल्पित ब्लॉकचा, म्हणजे खाणीसाठी आखलेल्या तुकड्याचा, हिशेब मांडतो, म्हणजे संसाधन आणि साठा यांच्यातलं अंतर डोळ्यांना दिसेल. समजा पाच चौरस किलोमीटरचा ब्लॉक आहे, थर पंधरा मीटर, घनता १.५, म्हणजे घनमीटरला दीड टन. गुणाकार केला की ११.२५ कोटी टन. यादीत हाच आकडा जातो. न दिसलेल्या फॉल्टांसाठी आणि थर बारीक होण्याच्या शक्यतेसाठी आम्ही दहा टक्के वजा करतो, राहतात १०.१ कोटी. ब्लॉकच्या एका कडेला नदी, मधून राज्य रस्ता, कोपऱ्यात गाव. या तिघांच्या सुरक्षित पट्ट्यात समजा १.२ चौरस किलोमीटर अडकले, राहिले ७.७ कोटी. खुली खाण म्हणजे सरळ विहीर नव्हे. तिच्या भिंती उतरत्या ठेवाव्या लागतात, आणि त्या उतरणीखालचा कोळसा, ज्याला खाणीत बॅटरमधला कोळसा म्हणतात, तो आत राहतो. शंभर-सव्वाशे मीटर खोलीला तो पाचवा हिस्सा सहज खातो, राहिले सव्वासहा कोटींच्या आत. काढताना तळाला आणि माथ्याला दगडात मिसळून जाणारा दहावा हिस्सा सोडा. हाती आले साडेपाच कोटी, म्हणजे यादीतल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडे कमी.

हा खुल्या खाणीचा, म्हणजे उदार हिशेब. तोच थर भूमिगत पद्धतीने काढायचा तर अवस्था आणखी बिकट. आपल्याकडे बोगदे खोदून मधे कोळशाचे खांब सोडायची रीत. पंधरा मीटर थरातल्या तीन मीटर उंचीत काम करायचं, वरचा-खालचा कोळसा सोडायचा, खांब सोडायचे. नंतर नदीची वाळू भरून खांब काढता आले तर काढायचे. एवढ्या जाड थरात या रीतीने पाव हिस्सा हाती आला तरी आम्ही समाधान मानायचो.

या जुन्या भूमिगत खाणींनी आणखी एक अडचण मागे ठेवलीय. एका बंद खाणीच्या शेजारी आम्ही बोअर घेत होतो. हातात जुना नकाशा होता, त्यावर तो भाग अखंड कोळसा म्हणून रंगवलेला. ९६ मीटरवर बोअरमधून वर येणारं पाणी एकाएकी गायब झालं. पुढच्या मिनिटाला रॉड धाडकन दोन मीटर खाली बसले, मशीन हादरली, आणि भोकातून गरम, कुबट वास आला. नकाशात नसलेला बोगदा आम्हाला लागला होता. मोजणी नीट झाली नव्हती, की कुणी हद्दीबाहेर कोळसा काढून कागदावर दाखवलाच नव्हता, हे कधीच कळलं नाही. त्या रात्री कुणाला इजा झाली नाही, पण तो संपूर्ण भाग आम्हाला सिद्धमधून काढून पुन्हा बोअर घ्यावे लागले. वर्धा खोऱ्यातल्या बऱ्याच खुल्या खाणी आता अशा खांबांवर उभ्या असलेल्या जुन्या कामांमधूनच पुढे सरकतात. डोझरच्या समोर भिंतीत काळी चौकोनी तोंडं दिसतात, त्यांतून धूर येतो, पाणी मारत, माती दाबत काम करावं लागतं. तिथे थराच्या जाडीत बोगदा म्हणजे हवा. ती कोळसा म्हणून मोजली की ब्लॉकचं सगळं अर्थकारण चुकतं.

मग पुढे वाव कुठे आहे? मला जसं दिसतं तसं सांगतो.

पहिला वाव चालू खुल्या खाणी उताराच्या दिशेने वाढवण्यात. पुढची पंधरा-वीस वर्षं वर्धा खोऱ्याचा बहुतेक कोळसा इथूनच येईल असं माझं मत आहे. रस्ता आहे, रेल्वे सायडिंग आहे, यंत्रं आहेत, फक्त खोली वाढतेय. खोलीबरोबर माती-दगडाचं प्रमाण वाढतं. एका टनासाठी किती घनमीटर उपसायचं, हा आमच्या धंद्यातला खरा भाव. इथे पाच-सहा घनमीटर नेहमीचं, आठ-नऊ झालं की हिशेबनीस मान हलवतो. वेकोलिचे काही प्रकल्प सरकारी ठरलेल्या भावात परवडत नव्हते म्हणून वीज कंपनीशी वेगळा करार करून, म्हणजे खर्च अधिक ठरावीक नफा अशा भावाने, सुरू करावे लागले. हा या खोऱ्याच्या तब्येतीचा स्पष्ट इशारा आहे. तरी ते सुरू झाले, कारण गिऱ्हाईक दाराशी आहे. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं केंद्र जोरात चाललं तर वर्षाला सव्वा-दीड कोटी टन कोळसा खातं, आणि दूरच्या खाणीतून आणलेल्या टनावर रेल्वेचं भाडं चढतं.

दुसरा वाव लिलावात निघालेल्या ब्लॉकांचा. इथे मी सावध आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातले २०४ ब्लॉक रद्द केले, त्यात आपल्या भागातलेही होते. तुमच्याच तालुक्यातलं बरांज बघा. कर्नाटकच्या वीज कंपनीची चालती खाण त्या निकालानंतर काही वर्षं बंद पडली आणि नंतर पुन्हा सुरू झाली. त्यांचा कोळसा त्या काळात एक टनानेही बदलला नव्हता, बदलली होती फक्त कागदावरची स्थिती. २०२० च्या जूनमध्ये व्यापारी खाणकामाचे लिलाव सुरू झाले, तेव्हापासून ब्लॉक घेणारे पुष्कळ, पण ब्लॉक घेणं आणि पहिला ट्रक बाहेर पडणं यात बरीच वर्षं जातात.

तिसरा म्हणजे जंगलाखालचा. ताडोबाच्या शेजारच्या लोहारा ब्लॉकला २००९ मध्ये पर्यावरणाच्या पायरीवरच नकार मिळाला. वाघांच्या भ्रमणमार्गातलं बंदर २०२० च्या लिलावाच्या यादीत आलं आणि विरोधानंतर वगळलं गेलं. या दोन्ही जागी कोळसा आहे, मोजलेला आहे, यादीच्या बेरजेत आहे. माझ्या मते त्याला हात लावू नये. मी कोळसा शोधून पोट भरलेला माणूस आहे आणि हे पूर्ण विचाराने लिहितोय. ताडोबाच्या वाघांना बाहेर जायला वाटा फार थोड्या उरल्यात, आणि खड्ड्याने तोडलेली वाट पुन्हा जोडलेली मी कुठे पाहिली नाही. आमच्या यादीत अशा कोळशासाठी वेगळा रकाना असायला हवा, म्हणजे तो पुनःपुन्हा लिलावात येणार नाही.

चौथा, नदीखालचा आणि नदीकाठचा. वर्धा, पैनगंगा, इरई या तिन्ही नद्यांच्या काठाने थर उथळ आहे, म्हणून खाणी काठाला चिकटल्यात आणि मातीचे डोंगरही काठाला पडलेत. २०२२ च्या पावसाळ्यात जिल्ह्यात पूर आला तेव्हा पाणी कुठे तुंबलं हे तुम्ही बघितलंच असेल. नदी वळवून कोळसा काढायचे प्रस्ताव पुढेही येतील. कागदावर टन मोठे दिसतात, पण पुराच्या एका रात्रीत खड्डा भरला की पंप लावून तो रिकामा करायलाच महिने जातात.

पाचवा, खोलवरचा. तीनशे मीटरच्या खाली आणि यवतमाळकडे बेसॉल्टखाली. बोअर घेताना बेसॉल्टमध्ये बिटं झिजतात, दिवसाला मोजके मीटर होतात. कामठीच्या वालुकाश्मात तर पाणीच पाणी. त्या पाण्यावर आजूबाजूच्या विहिरी आणि बोअरवेल जगतात. खाण खोल गेली की पाणी तिच्याकडे धावतं. हा कोळसा मी माझ्या अहवालांत नेहमी लिहिला, पण त्याच्या भरवशावर कुणी कारखाना उभा करावा असं मला वाटत नाही.

आता तुमचं गाव. २१० मीटरवर चौदा मीटर कोळसा. चौदाला १.५ ने गुणलं तर एका चौरस मीटरखाली २१ टन. त्यासाठी वरचे २१० घनमीटर उपसायचे, म्हणजे टनाला दहा. दगडी पट्टे वजा केले तर दहाच्याही वर. त्या एका ठिकाणी आज कुणी नवी खुली खाण उघडणार नाही. पण थराला उतार आहे. सहा अंशांचा उतार धरला तर एका किलोमीटरला थर सुमारे १०५ मीटर खाली जातो. म्हणजे मधे फॉल्ट नसेल तर तुमच्यापासून चढणीच्या दिशेने दोन किलोमीटरवर तोच थर जवळपास मातीला भिडला पाहिजे. त्या बाजूला चालू खाण असेल किंवा जुनी खाण वाढवायचा बेत असेल, तर ती सरकत सरकत तुमच्या शिवेपर्यंत येऊ शकते, पण त्याला वर्षं मोजावी लागतील, महिने नाही. त्या बाजूला काही नसेल तर तुमच्या गावातला बोअर हा फक्त थर किती लांब जातो हे बघण्यासाठी घेतलेला असण्याची शक्यता जास्त.

हे तुम्हाला स्वतः तपासता येईल. दुचाकी काढा आणि पाच-सहा किलोमीटरच्या परिसरात बोअर कुठे कुठे झाले ते नकाशावर टिंबांनी मांडा. गावाला एखादा, किलोमीटर-दोन किलोमीटरच्या अंतराने असतील तर तो प्राथमिक शोध, त्यातून खाण निघायची तर अजून बरीच वाट. तीन-चारशे मीटरवर जाळीसारखे असतील तर सविस्तर शोध, म्हणजे कुणाच्या तरी टेबलावर प्रकल्प आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एका रेषेत, शंभर-पन्नास मीटरच्या अंतराने, तीस-चाळीस मीटरचेच उथळ बोअर दिसले, तर थर मातीला नेमका कुठे भिडतो ती कड शोधतायत. त्याला आम्ही इनक्रॉपचं ड्रिलिंग म्हणतो, आणि ते खुल्या खाणीची तयारी चालू असल्याशिवाय कुणी सहसा करत नाही. दलालापेक्षा ही टिंबं जास्त खरं बोलतात.

दुसरी खूण राजपत्रात. सरकारी कंपनीला जमीन हवी असेल तर ती बहुधा १९५७ च्या कोळसा क्षेत्र अधिग्रहण कायद्याखाली घेतली जाते. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे फक्त शोधाचा इरादा. कलम ७ ची म्हणजे जमीन घेण्याचा इरादा, आणि तिच्यानंतर कलम ८ प्रमाणे ३० दिवसांत हरकत घेता येते. कलम ९ म्हणजे घोषणा, त्यानंतर जमीन सरकारची. कलम ४ लागलं की गावात खरेदी-विक्रीला ऊत येतो, आणि मी अशी गावं बघितलीत जिथे त्यानंतर कलम ७ कधी आलंच नाही. गट नंबरासह अधिसूचना तलाठ्याकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात मागा. लिलावातून ब्लॉक घेतलेली खाजगी कंपनी असेल तर वाट वेगळी. तिथे २०१३ चा भूसंपादन कायदा किंवा थेट खरेदी, आणि थेट खरेदीच्या कागदावर नोकरी, पुनर्वसन, उरलेल्या तुकड्याचं काय हे लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खाणीच्या भरवशावर विहीर, ठिबक, पोरांचं शिक्षण थांबवू नका, असं मी माझ्या घरच्यांना सांगितलं असतं तेच तुम्हाला सांगतो. कोळसा २८ कोटी वर्षं तिथे आहे, तुमच्या एका हंगामाने त्याला फरक पडत नाही. तुम्हाला पडतो.

आणि एक काम या आठवड्यात करा. शेजारच्या वावरातल्या त्या बोअरची जागा बघून या. शोध संपल्यावर बोअर तळापासून सिमेंटने बंद करून वर नंबर लिहिलेला ठोकळा बसवायचा असतो. तो नसेल, नुसतं दगड ठेवून भोक झाकलं असेल, तर वरच्या वालुकाश्मातलं पाणी त्या वाटेने खाली उतरतं आणि आसपासच्या विहिरींची पातळी खचू शकते. ठोकळा असेल तर नंबर लिहून घ्या, नसेल तर ग्रामपंचायतीच्या पत्रावर, फोटो आणि गट नंबर जोडून, बोअर घेणाऱ्या संस्थेला कळवा आणि पोच घ्या. तुमच्या विहिरीत आज किती पाणी आहे तेही दोरी सोडून मोजून तारखेसह लिहून ठेवा.